सातवं ताट

३ जून

…दूध तापवलं, ओटा पुसला, कपबश्या विसळल्या. चहा पिणारी मी एकटी, तरी कप दोन विसळले. हात ऐकत नाहीत. ही आज निघतानाची सकाळ. आता नव्या खोलीत बसून ती आठवतेय आणि खरं सांगायचं तर बरं वाटतंय. खोली लहान पण उजेडाची आहे, पुस्तकांना फळीसुद्धा आहे.

खाणं सुटलेल्या मुलींना हळूहळू जेवतं करणारं हे घर. मुली पाच. माझं काम सोबतीचं. त्यांच्याबरोबर टेबलाशी बसायचं, त्यांच्याइतकंच जेवायचं, सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही. मग ताटं विसळताना कुणाचं किती उरलं ते वहीत लिहायचं. वजन घेणाऱ्या सिस्टरला पोरी ‘काटा’ म्हणतात. मी पहिल्याच जेवणाला मावशी झाले.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज भरून घेतला. पती : निधन. अपत्य : नाही.

७ जून

सगळ्यांत लहान ती चिमणी. तोंडाची तिखट. मला म्हणाली, मावशी, घास चावताय की मोजताय? आज तिने सूप संपवलं, वर ब्रेडही. वहीत ‘काही उरलं नाही’ असं लिहिलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पोरी असं का करतात. त्या म्हणाल्या, काहींना वाटतं घरात काहीच आपल्या हातात नाही, निदान ताट तरी असावं. काहींना मोठं व्हायचीच भीती. काहींना नव्व्याण्णव गुण मिळाले तरी एक गेला म्हणून रडू येतं. काही घरांत रागवायची सोय नसते, मग तो राग भुकेवर निघतो. पूर्वी सगळं आईच्या माथी मारायचे, आता तसं मानत नाहीत. रक्तातलंही काही असतं, कारण एक कधीच नसतं. आणि मावशी, दोष देऊन कुणाचं पोट भरत नाही.

मी मान हलवली. ‘आईच्या माथी’ एवढंच खोलीपर्यंत बरोबर आलं.

१२ जून

जेवणाऱ्या आम्ही सहा जणी. विसळायला ताटं सात. सातवं भरलेलं. उकडलेल्या बटाट्याचे चार तुकडे, चार दिशांना लावलेले, मधे मोकळं.

असं ताट मी पूर्वी पाहिलंय. कुठे, ते लिहिणार नाही. बटाटा टाकून दिला. वहीत नोंद केली नाही.

१५ जून

रोज सात. शेवटी सिस्टरला विचारलं, हे जास्तीचं कोण वाढतं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मावशी, तुम्हीच वाढता की, तुमच्या डाव्या हाताला. आम्हाला वाटलं यजमानांच्या आठवणीचं असेल, म्हणून कुणी विषय काढला नाही.

मला आठवत नाही. बरं, वाढत असेन. पण बटाटा कोण कापतं?

१८ जून

लाज वाटते, तरी लिहिते. मला मुलगी होती.

हे गेले तेव्हा ती चौदाची. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती भांडी घासायची, पहिला नंबर काढायची, काही मागायची नाही. ताटात उरायचं, चार दिशांना. मी शेजारणीला तिच्यादेखत सांगायचे, माझी पोर फार गुणी, हिला काही म्हणजे काही लागत नाही. दोन वर्षांनी, न जेवता न जेवता, तीही गेली. लोक विचारायचे, आई असून दिसलं नाही? म्हणून गाव सोडलं, आणि अर्जावर तिला पुसून टाकलं.

२१ जून

चिमणीने जेवण टाकलं. आज दुसरा दिवस. तिच्या ताटात बटाट्याचे चार तुकडे — तसेच.

कुणी शिकवलं, विचारलं. तुमच्या शेजारी बसते तिने, म्हणाली. ती सांगते, आई रागवत नाही. आई म्हणते, गुणी आहेस.

हे मी इथे कुणालाही कधी —

२२ जून

उद्या सकाळीही काही पोटात गेलं नाही तर चिमणीला इस्पितळात हलवणार. हृदयावर ताण आलाय, सिस्टर म्हणाली.

आज मी सहाच ताटं काढली. बाकीची कपाटात, कुलूप लावून. किल्ली माझ्या मुठीत.

तरी सात.

मी माझ्या मुलीला अर्जावरून पुसून टाकलं. तिला जागा उरली नाही. म्हणून ती चिमणीची जागा घेतेय.

२३ जून

आज सकाळी मी काय केलं, तेवढं लिहिते. डॉक्टरीणबाईंकडून अर्ज मागून घेतला. ‘नाही’ खोडलं. ‘मुलगी, एक’ असं लिहिलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही, थेट टेबलाशी आले. सातवं ताट वाढलं, जाणूनबुजून, माझ्या हाताने. सगळ्यांसमोर डावीकडे वळून म्हणाले, बाळा, तू माझीच. गुणी नको होऊस. रागव माझ्यावर, पण हिला सोड. मी उठणार नाही.

उठलेले नाही. वही मांडीवर आहे. शेजारची खुर्ची आत्ता सरकली. सातव्या ताटात एक तुकडा कमी आहे. चिमणी माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडे बघतेय. तिने चमचा उचललाय. तोंडाशी नेला. आता ती चावतेय.