सांगितलं तेवढंच केलं

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याला साध्या फोल्डरऐवजी स्वतंत्र फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरचा वेगळा कप्पाच हवा, हा हट्ट विभागप्रमुखांचा. मी म्हटलं होतं, "सर, इतक्या केल्या तर सर्व्हर रखडेल." ते म्हणाले, "स्क्रिप्टच तर लिहायची आहे, मॅडम." लिहिली ती आज्ञांची यादी. जेवणाच्या सुट्टीत हजारो फाइलसिस्टिम तयार. बनवणं सोपंच होतं!

आज सकाळी लाइन गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि एकेक फाइलसिस्टिम जोडत तासन्‌तास बसला. प्रॅक्टिकल परीक्षेची पोरं कोऱ्या स्क्रीनसमोर. सालेकसा तालुक्यातून पहाटेच्या गाडीने आलेली सुनीता रडकुंडीला आली. "मॅडम, माझंच काऊन उघडून नाही राहिलं?" कुणाचंच उघडत नव्हतं. पण तिला काय सांगू?

शेवटी परीक्षा रद्द. सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मॅडमची स्क्रिप्ट चुकली." चुकली? सांगितलं तेवढंच स्क्रिप्टने केलं. मीही.

सुनीता बॅग उचलून गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेच खुपतंय.

उद्या बॅकअप घेऊन सगळ्यांना एकाच फाइलसिस्टिमवर आणते, साध्या फोल्डरांत. या वेळी सरांना विचारणार नाही.