पान मिटल्याशिवाय

मारतहळ्ळी, रविवार

तीर्थस्वरूप श्यामलाआत्यास शंतनूचा चौथ्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (लिफ्ट बंद आहे, त्यामुळे आधीपासूनच वाकलेला आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? नागपुरात ऊन तापलं असेल, दुपारी गच्चीत पापड राखत बसू नकोस. मी मजेत आहे. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात पोचेपर्यंतचा वेळ सोडला, तर तक्रारीला जागा नाही.

फोनवर तू विचारलंस, मी नक्की काम काय करतो. आत्या, मी लोकांना "का?" असं विचारतो आणि त्याचा पगार घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, अमुक सॉफ्टवेअर पाहिजे. का पाहिजे, हे विचारत वर चढलं की खरा हेतू सापडतो, मग "कसं?" विचारत खाली उतरायचं. त्याचं आम्ही झाड काढतो, हेतू शेंड्याला आणि कामं फांद्यांना. (लहानपणी हेच केलं की तू रट्टा घालायचीस.)

तर राजाजीनगरात बसवंतअण्णांचं लग्नाचं कार्यालय आहे. माणूस बेळगावकडचा, मराठी घरचीच, मध्येमध्ये कन्नड पेरून. तिथलं जेवणघर त्यांची थोरली बहीण वीणाअक्का सांभाळते. अण्णांना असं सॉफ्टवेअर हवं होतं, की पाहुणे भराभर जेवून उठतील. अक्कांना असं, की कुणी कुणाला उठवणार नाही. यावरून दोघांचा अबोला, म्हणून एकाच टेबलाशी बसून सगळं माझ्यामार्फत.

मी अण्णांना विचारलं, घाई का? "अहो, जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं दुसरी पंगत उभी राहते. म्हातारी माणसं ताटकळतात." अक्कांना विचारलं, सावकाश का? "मागं उभं राहून कोण पानात बघायला लागलं, तर घास उतरतो काय रे?" आत्या, दोन्ही 'का' वर जाऊन एकाच जागी भेटले! खुर्चीमागं कुणी उभं राहू नये, एवढंच दोघांना हवं होतं. मी झाड काढून दाखवलं. अक्कांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे. बसवंता, ह्याला कॉफी सांग." थेट भावाला!

मग आम्ही खुर्च्यांखाली यंत्रं बसवली. खुर्ची रिकामी झाली की बाहेरच्या फलकावर पुढचा नंबर झळके. तोवर बाकीचे पंख्याखाली सरबत पीत बसत. पहिल्याच लग्नात सगळं इतकं सुरळीत चाललं, की मी वरबापासारखा मिरवत होतो. तेवढ्यात नवरदेवाचे मामा, वादिराज नाव, जुना मित्र दिसला म्हणून अर्ध्या जेवणातून उठून त्याला मिठी मारायला गेले. खुर्ची रिकामी. नंबर झळकला. वाढप्यानं केळीचं पान उचललं, त्यावरच्या अर्ध्या होळिगेसकट (म्हणजे त्यांची पुरणपोळी), आणि मामा परत येतात तो खुर्चीत एक अनोळखी बाई.

मामांनी दारात जाऊन चपला घातल्या. मागोमाग वरपक्षही चपला शोधायला लागला. मुलीचे वडील हात जोडून उभे, अण्णांचा चेहरा पांढराफटक. शेवटी येतं तेच करणार ना माणूस! मी मामांना गाठून विचारलं, "मामा, तुमचं जेवण झालं, हे आम्ही ओळखायचं कसं?"

ते ओरडले, "पान मिटल्यावर! एवढंही कळत नाही?"

नव्हतं कळलं, आत्या. (इथं जेवण झालं की केळीचं पान दुमडून मिटतात.) आमच्या कामात प्रत्येक हेतूच्या आड येणारी विघ्नं आधी शोधायची असतात. मी वीज जाण्याचा विचार केला होता, जुन्या मित्राचा नाही. अक्कांनी मामांना हाताला धरून बसवलं, ताजं पान मांडलं, दोन होळिगे वाढल्या आणि स्वतः तूप धरलं. मामा सावकाश जेवले. त्यांनी पान मिटलं, तेव्हा अख्ख्या मांडवानं श्वास सोडला.

दुसऱ्याच दिवशी यंत्रं काढली. मग ठरलं, मिटलेलं पान दिसलं की वाढप्यानं बटण दाबायचं. त्यानंतर लग्नं निर्विघ्न लागतायत, बहीणभाऊ समोरासमोर भांडतायत आणि मला फार बरं वाटतंय. घरी मोठ्यांना नमस्कार, लहानांना मी आल्यावर बघून घेईन.

तुझाच,
शंतनू

ता. क. तुपाच्या हातानं बटण दाबायला वाढप्यांना जमेना. आता अक्का दारात उभ्या राहून हाका मारतात, आणि फलकावर वधूवरांचे फोटो फिरतात. आमच्या शास्त्रात यालाच हेतू साधला असं म्हणतात.

आणखी ता. क. तुझ्या क्षितिजच्या लग्नाचं अण्णा-अक्कांना आमंत्रण पाठवशील का? म्हणजे मी ते तोंडी देऊन बसलोय, आणि त्यांनी नागपूरची तिकिटंही काढलीत. पत्रिकेतला 'सहकुटुंब' हा शब्द मात्र आठवणीनं खोड. अण्णा लिहिलेल्या शब्दाला जागणारा माणूस आहे, आणि त्यांच्या कुटुंबाला त्यांचं स्वतःचं कार्यालय पुरत नाही.