पोळपाटावरचे बाण

आई, त्या नोव्हेंबरात अमेरिकेहून परत आल्यावर तू दारातच उभी राहून अंघोळीची घाई का केलीस, हे मला अजून कळलेलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी दहा वर्षांची होऊन इंग्लंडला आले म्हणून निदान हे मराठीत विचारता येतंय. इंग्रजीत तू कुठल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाहीस.

मला आठवतं ते लीड्सचं स्वयंपाकघर. शनिवारची सकाळ, पोळ्या नुकत्याच झाल्यात. तू पोळपाट स्वच्छ पुसतेस, त्यावर ॲश नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाची लांब काठी ठेवतेस आणि तळहाताने पुढे-मागे लोळवतेस. काठी कुठे थडथडली की तिथे बाक आहे. मग तेवढाच भाग गॅसवर शेकायचा, गरम असतानाच अंगठ्याने दाबून सरळ करायचा, की पुन्हा पोळपाट. पुढच्या टोकाला आणखी कठीण लाकडाचा तुकडा पाचरीसारखा बसवायचा, म्हणजे वजन पुढे येतं आणि बाण मोडत नाही. मागे तीन पिसं, त्यांच्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे, टोकाला पोलादाचं पातं, आणि शेवटी सगळ्या काठीला जवसाचं तेल. घरात एकादशीला साबुदाणा, अंडं घातलेला केकसुद्धा वर्ज्य, आणि ओट्यावर रानडुकरं मारायचे बाण वाळताहेत! माझ्या मैत्रिणी आल्या की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे.

तू ते करायचीस तुझ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनसाठी. ऑपरेशन टेबलाशी तो कापणार आणि तू, भूल देणारी डॉक्टर, पेशंटच्या उशाशी बसणार, अशी तुमची जुनी जोडी. आखडलेला खांदा मोकळा व्हावा म्हणून तू त्याच्या धनुर्विद्येच्या क्लबात जायला लागलीस, तिथवर मला समजतं. धनुष्याने शिकार करायला इथे कायद्याने बंदी, म्हणून तो दरवर्षी अमेरिकेला जायचा. एकदा त्याने मोडका बाण तुला दाखवला आणि तू तो पर्समध्ये घालून घरी आणलास, तिथून पुढे मात्र माझी गाडी अडते. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. त्यामुळे फोन वाजला की बाबा पेपरमधून मान वर न करता सांगायचे, "अगं, घे, तुझे मिस्टर आहेत." तू हसायचीस. मी हसायचे नाही. मला वाटायचं, या बाईला नक्की काय हवं आहे?

एकदा मी चिडून विचारलंच. "आई, तू एग पण नाही खात. अँड यू मेक दीज! धिस इज सो हिपोक्रिटिकल!"

तू पिसाला गोंद लावत होतीस. "हलका बाण लागतो गं, पण आत जात नाही. त्या डुकराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते. बाण तिथेच मोडतो, आणि मग ते बिचारं झाडीत दोन-दोन दिवस तडफडतं. तो जायचा थांबणार आहे का? आय कान्ट स्टॉप हिम. मग निदान त्या जिवाचं लवकर संपू दे."

"अगं, पण वराह विष्णूचा अवतार आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच बाण चांगला हवा, अहो."

उत्तर चोख होतं, तुझ्या पेशाला शोभणारं होतं, आणि तरी मला ते पटलं नाही. दुखू नये म्हणून आपण मारायला मदत करतो, हे वाक्य मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं. ते प्रत्येक वेळी वेगळंच वाटायचं.

मग त्याने तुला बोलावलं: एकदा येऊन बघ, तुझा बाण काय करतो ते. बाबा म्हणाले, जा. तू गेलीस. आठवड्याने मी दार उघडलं तर तू पायरीवर, दुधाच्या बाटल्यांशेजारी भिजत उभी. मी मिठी मारायला पुढे झाले आणि तू ओरडलीस, "शिवू नकोस! पाणी तापायला इमर्शन लाव आधी. बाथरूमचं दार उघडं ठेव." कुणालाही न शिवता, अंग चोरून तू जिना चढलीस, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून अंघोळ केलीस, आणि खाली येऊन देवापाशी दिवा लावलास. स्मशानातून आल्यावर करतात तसं सगळं. बाबा घाबरले. "कोण गेलं गं?" तू म्हणालीस, "कोणी नाही. भूक लागलीये, भात टाकू का?"

मला वाटलं, संपलं आता हे प्रकरण. पण पुढच्या शनिवारी पोळ्या झाल्या आणि पोळपाटावर पुन्हा काठी लोळायला लागली. या वेळचे बाण आणखी जड होते.

आई, पाप वाटलं म्हणून अंघोळ केलीस, तर मग पुन्हा बाण कशाला? आणि पाप नव्हतं, तर मला का शिवू दिलं नाहीस? मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. तू मारणारी होतीस की वाचवणारी, हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरेपर्यंत माझी आई कोण होती हेही धड सांगता येत नाही.

तू गेलीस त्या दिवशी, म्हणजे तुला पोहोचवलं त्या दिवशी, तो सर्जन आला होता. चहाचा कप हातात धरून त्याने मला त्या शिकारीचं सांगितलं. बाण आरपार गेला होता, डुक्कर थोडं पळून पडलं, पण श्वास चालू होता. थांब, जवळ जाऊ नकोस, असं तो म्हणत असताना तू गवतात जाऊन डुकराच्या डोक्याशी बसलीस. मानेखाली दोन बोटं ठेवलीस आणि नाडी थांबेपर्यंत उठली नाहीस. "शी वॉज टॉकिंग टु इट," तो म्हणाला, "तुमच्या भाषेत. काय म्हणत असेल?" मी म्हटलं, आय डोन्ट नो. खरंच माहीत नव्हतं. क्षमा मागत होतीस की धीर देत होतीस? की सुतक लागावं इतकं ते तुझं कोणीतरी झालं होतं? पण आपल्या माणसासाठी कोणी पातं घासून ठेवतं का?

पोळपाट माझ्याकडे आहे, नॉटिंगहॅमला. कडेला जवसाच्या तेलाचा डाग आहे, तो घासून जात नाही. हे पत्र त्याच्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे ठेवू?

एक सांगायचं राहिलं. क्रिमेटोरियममधून परत आल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्या हातात टॉवेल दिला, "जा बाळा, डोक्यावरून घे आणि मग सगळ्यांत ये." मी कडी लावली, नळ सोडला आणि टबाच्या काठावर बसून राहिले. मग नुसते केस ओले केले आणि बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, झाली अंघोळ. नव्हती केली, आई. तुला अंगावरून धुऊन टाकणं मला जमलं नाही.