न विचारलेला पत्ता

प्रिय बंड्या,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज दुपारी अँब्युलन्ससाठी केलेला तुझा फोन कंट्रोल रूममध्ये मीच उचलला.

"आई पडलीय, श्वास घेत नाहीये!"

आवाज ओळखून मी गारच पडले. तरी कामाच्या सवयीने सख्ख्या धाकट्या भावाला अहो-जाहो करत सांगत राहिले, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, थांबू नका. मदतीला घरचं आणखी कोणी आहे का, विचारलं.

"कोणी नाही हो मॅडम, मी एकुलता एक."

तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मला जिवंतपणी पुसून टाकलंत?

आई वाचली, ड्रायव्हरने कळवलं. आता जरा शांत बस आणि आठव. गाडी थेट दारात आली, पण मी तुला पत्ता कुठे विचारला होता?

तुझी,
मॅडम