ऐंशी पावलांचं खाचर

करंजवाडी, कामशेत
२४ नोव्हेंबर १९६३

प्रिय अनसूया,

तू तळेगावला घरी जाऊन आज अकरा दिवस झाले. आमच्या पडवीतल्या तुझ्या खोलीला कुलूप आहे, मांजर उंबऱ्यावर बसून असतं, आणि आमची ही रोज विचारते, बाई येणार की नाही. हेडमास्तर गोपाळकृष्ण गावभर सांगत फिरतोय की बाईंकडून लेखी हमी मागवली आहे, वर्गात मुलांना वाद घालू देणार नाही म्हणून. सही केली तर नोकरी, नाही तर नारळ. सांगताना त्याचा चेहरा असा खुलतो, जणू बारसं त्याच्याच घरी आहे. पाढे सोडले तर त्या डोक्यात सामसूम. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं?

आणि तो दिपोटी! शाळा तपासायला येतो आणि पोरांच्या आधी कोंबडीची चौकशी करतो. त्या दिवशी मी शाळेची कौलं चाळायला आलो होतो आणि खिडकीशी कान लावून उभा होतो, हे तुला ठाऊक नाही. तू फळ्यावर दोन खाचरं काढलीस. एक वीस पावलं लांब, वीस रुंद. दुसरं तीस लांब, दहा रुंद. दोन्हींच्या बांधावरून फिरलं की ऐंशीच पावलं. मग खाचरं सारखी की नाही? सारखी म्हणणाऱ्यांनी दाराकडे बसायचं, नाही म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे, आणि ज्याला समोरच्याचं पटेल त्यानं उठून पलीकडे जायचं. सगळी पोरं दाराकडे, खिडकीकडे एकटी गंगीची हिरी. ती एकेकाला धरून विचारायची, "एकोणचाळीस पावलं लांब आन् एकच पाऊल रुंद, त्याचा बी बांध ऐंशीच की. त्यात भात लावशील का निस्ता चालशील?" एकेक पोर डोकं खाजवत तिच्याकडे सरकत होतं. तेवढ्यात साहेब आला. हा काय बाजार मांडलाय म्हणाला, प्रश्न ऐकून हसला, आणि बांध सारखा तर खाचर सारखंच, यात वाद कसला, असं ठोकून मोकळा झाला. त्यावर हिरी म्हणाली, "मग साहेब, तुमी दाराकडं बसा." पोरीच्या मनात चेष्टा नव्हती, वर्गाचा नियमच तो. पण कोटातला शहाणा चौथीच्या पोरीपुढे उघडा पडला आणि त्याला एकदम शिस्त आठवली. शेरा लिहून गेला.

हसू नकोस, पण मीही दाराकडचाच. शाळा मी दुसरीत सोडली, अक्षरं वाण्याच्या पुड्यांवरून शिकलो. तरी भावाभावांत खाचर वाटायचं तर या चार वाड्यांत तीस वर्षं मलाच बोलावतात. बांधावरून चालायचं, दोघांची पावलं सारखी भरली की झाली वाटणी. नवसू आणि कान्हू या भावांची बारा वर्षांपूर्वी अशीच केली. कान्हूला चौकोनी तुकडा, नवसूला ओढ्याकडची लांब पट्टी. तेव्हापासून नवसूला भात कमी. दर साल तो कुरकुरायचा, आणि दर साल मी चार माणसांत त्याला आळशी ठरवायचो. लोक हसायचे. मी हसवायचो.

कापणी होऊन खाचरं मोकळी झाली, तसा मी हिरीला घेऊन गेलो. बांबूच्या काठीनं चौकोन आखत दोन्ही तुकडे मोजले. कान्हूच्या खाचरात जिथे चार चौकोन बसतात, तिथे नवसूच्यात तीनही धड बसेनात. नवसू बांधावर उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो एवढंच म्हणाला, "म्हंजी आबा, मी आळशी न्हवतो." मला वर बघवेना.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिपोटीचा नुसता शेरा होता. हमीपर्यंत गोष्ट गेली ती गावच्या तक्रारअर्जामुळे. तो खरडला हेडमास्तरनं, पण त्यावर पहिली सही माझी आहे. माझी पावलं खोटी पडतायत हे मला त्याच दिवशी खिडकीत कळलं होतं. कळलं म्हणूनच केली. वर हेडमास्तरला आणि दिपोटीला एवढं बोललो, पण ते बिचारे न कळून चुकले. तुझ्या हातचा चहा पिऊन मी कळून केलं. माझ्याएवढा हलका माणूस या वाडीत दुसरा नाही. परवा वडगावच्या कचेरीत जाऊन सही मागे घेतल्याचा अर्ज दिला, त्याची पोच सोबत आहे. त्यानं हमी टळेल की नाही, मला माहीत नाही. तरी तू त्या कागदावर सही करू नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर गंगीच्या शेजारी खोली पाहून ठेवली आहे. पण ये. कान्हू भला माणूस, आपणहून नव्यानं वाटणी करू म्हणाला. मी काठी घेऊन उठलो, तर दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "तुमी नगं आबा. बाईंना येऊ द्या."

तुझाच,
शिदूआबा