सात सोमवार

प्रिय काडी,

तुझ्या धाकट्या बहिणीकडून पत्ता मिळवला. तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि अजून तशीच सडपातळ आहेस, हेही तिनेच सांगितलं. मी मात्र नावाला जागून आहे. आई मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तुझी आठवण काढायची. दवाखान्यात तिची उशी नीट लावणारी तू एकटीच, असं मला ऐकवायची.

आपलं यंत्र अजून प्रयोगशाळेच्या त्याच तळघरात आहे. गेल्या महिन्यात काही दंतवैद्य ते बघायला आले होते. दात फिरत राहतो, क्ष-किरणांनी त्याच्या हजारभर सावल्या टिपल्या जातात आणि त्या जुळवून संगणक आतबाहेरचा अख्खा दात उभा करतो, असं मी त्यांना समजावत होते. पण चित्रातला करडा रंग म्हणजे नेमकं किती खनिज, हे यंत्राला कुठे ठाऊक? म्हणून घनता माहीत असलेले पाच ठोकळे दर सोमवारी त्याला दाखवायचे आणि त्यावरून मापं लावून घ्यायची. त्यांतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि एखादा सोमवार चुकला तर?" मी त्यांना जिन्याकडे वळवलं.

तुझे बाटल्यांतले एक्केचाळीस दात आठवतात ना? वरून शाबूत दिसणाऱ्या दाढा आतून किती किडल्यात, हे तू मोजत होतीस. आधी सगळं सुरळीत होतं. मग आकडे वाटेल तसे येऊ लागले. तीच दाढ एकदा ठणठणीत, एकदा पोखरलेली. आपले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हाताला शिस्त नसेल तर हे काम सोडा." तू कपाट आवरलंस, दातांच्या बाटल्यांवर नवी लेबलं लावलीस आणि गेलीस. मी तिथेच उभी होते. सरांना मी थांबवलं नाही.

ते डॉक्टर गेल्यावर मी तुझ्या बाटल्या काढल्या. ठोकळ्यांवरून मापं नव्याने लावली आणि एकेक दात पुन्हा तपासला. तीन आठवडे लागले. तुझे सुरुवातीचे आकडे तंतोतंत जुळले. बिघाड फक्त नंतरच्या सात आठवड्यांत होता.

ते सात आठवडे माझे होते, काडी. सोमवारी आईचं डायलिसिस असायचं. मला उशीर व्हायचा, म्हणून ठोकळे न लावताच मी वहीत मागच्याच आठवड्याचे आकडे उतरवले. एकदा नाही, सात वेळा. त्यांतल्या दोन सोमवारी तर आईजवळ तू बसली होतीस. यंत्राची क्ष-किरणांची नळी म्हातारी होत चालली होती, मापं सरकत होती, आणि बोल तुला लागला. नंतर नळी बदलली, सगळं सुधारलं आणि मी स्वतःची समजूत घातली की झालं गेलं विसरलेलं बरं.

मंगळवारी सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी तुझा पत्ता मागितला. यंत्र आता माझ्याकडे नाही, आणि ते योग्यच झालं. तू मला माफ कर असं म्हणायला माझं तोंड नाही, या पत्राला उत्तरही देऊ नकोस वाटलं तर. पण सरांचं पत्र येईल, ते न वाचता फाडू नकोस. त्या दातांवरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घालायची परवानगी ते मागणार आहेत. ते माझ्या शब्दाखातर नाही. तुझे आकडे खरे निघाले म्हणून.

तुझीच,
जाडी