पुराव्याला हात लावू नये

५ ऑगस्ट
काल रात्रीच्या वादळात बायकोच्या शिवणाच्या खोलीवरची तीन कौलं उडाली. मी घाबरलो नाही. घराचा विमा आहे. विमा उतरवलेला माणूस कसा शांत असतो, हे गल्लीला कळू दे. उठल्याबरोबर फोटो काढला, तारखेसकट.

६ ऑगस्ट, सकाळ
विमा कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने क्लेम नोंदवून घेतला. आठवड्याभरात सर्व्हेयर येईल म्हणाली. पुढेही काहीतरी सांगत होती, पण पाठ केलेल्या सूचना ऐकायला मला वेळ नसतो. फोन ठेवला.

दुपार
मेहुणा ताडपत्री घेऊन हजर. गेल्या वर्षी त्याच्या दुकानाचा क्लेम पास झाला, तेव्हापासून स्वतःला तज्ज्ञ समजतो. म्हणाला, भाऊजी, आधी भोक झाकू, मग कागदपत्रं मी बघतो. मी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा नाही. शिवाय झाकलेलं नुकसान सर्व्हेयरला दिसणार कसं? याला दहावीत किती मार्क होते ते मला ठाऊक आहे. ताडपत्रीसकट परत पाठवला.

७ ऑगस्ट
शेजारच्या बनियनने (हा इसम शर्ट घालतच नाही) छपरावर प्लास्टिक टाकून वर विटा ठेवल्या. पुरावा नष्ट! समजवायला गेलो, तर म्हणे घर गळत होतं. अरे, तोच तर मुद्दा. गाढवापुढे वाचली गीता.

आमच्या खोलीत पाणी. बायको शिलाई मशीन हलवा म्हणाली. साफ नकार. वादळात वस्तू जिथे होती, तिथेच सर्व्हेयरला दिसली पाहिजे. ती फडकं घेऊन आली तेव्हा दारात सुतळी बांधली.

९ ऑगस्ट
रात्रभर पाऊस. सीलिंग फुगून खाली आलं. उत्तम. केस मजबूत होते आहे. रोज सकाळी न चुकता फोटो काढतो.

शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा भिजला. बायको म्हणाली, ऑर्डर हातची जाईल. म्हटलं, गणवेशही क्लेममध्ये टाकू. गप्प बसली. पटलं असावं.

संकल्प: क्लेम आला की या खोलीची माझी स्टडी करायची. मशीन काय, स्वयंपाकघरातही मावेल.

११ ऑगस्ट
बायको मशीन टेम्पोत घालून भावाकडे गेली. तिथे कोरडं आहे म्हणे. पुराव्याशी छेडछाड. सर्व्हेयरने विचारलं तर तिला पाठीशी घालणार नाही.
जेवण: ब्रेड.

१३ ऑगस्ट
सर्व्हेयर आला. खोली पाहून चाटच पडला. चहा विचारला नाही, असल्या लोकांना लगेच सलगीची सवय लागते. सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून हातात दिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्याने पहिला फोटो शेवटच्याशेजारी धरून बराच वेळ पाहिला. हे रोज तुम्हीच काढलेत का, म्हणाला. म्हटलं, मीच. मग झाकलं का नाही? म्हटलं, तुमच्यासाठीच. इतकं व्यवस्थित काम करणारा माणूस आपण पाहिला नाही म्हणाला आणि फोटो घेऊन गेला. सबंध नोकरीत त्याला कोणी माझ्यासारखा भेटला नसणार.

१९ ऑगस्ट
कंपनीचा फोन. तीन कौलं मंजूर. बाकी सगळं नामंजूर. म्हणे ते वादळाने केलेलं नाही, मालकाने होऊ दिलेलं आहे. पुरावा काय, तर माझेच फोटो. पहिल्या फोटोत सीलिंग शाबूत, फरशी जवळपास कोरडी. फोनवर तीच मुलगी होती. म्हणाली, झाकून घ्या हेच मी त्या दिवशी सांगत होते, तुम्ही फोन ठेवलात. उद्धट.

बनियनचा क्लेम पास झाला. आज शर्ट घालून हिंडत होता.

२० ऑगस्ट
कंपनीला कोर्टात खेचणार. हे सांगायला बायकोला फोन केला. मेहुण्याने उचलला. म्हणाला, गणवेशांची ऑर्डर हातची गेली, आणि कोर्टाचं नंतर बघू, आधी छप्पर झाकू. बायको फोनवर आली नाही. मागे मशीनचा आवाज येत होता.

२१ ऑगस्ट
मेहुणा तीच ताडपत्री घेऊन आला. अर्धा तासही लागला नाही. शिडी मी धरली. खाली उतरून म्हणाला, मशीन आता आमच्याकडेच राहू दे, ताईला तिथे बरं पडतंय. कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मुसळधार पाऊस. खोलीत एक थेंब नाही. स्टडीला जागा आयती मोकळी झाली. खुर्ची टाकून बसून पाहिलं. करमलं नाही.